रेघेच्या आतली सायकल

सुवार्ताताई,

"विमल, मलाबी तुला एक सांगायचंय," असं तू म्हणालीस आणि तेवढ्यात दवाखान्याची घंटा वाजली. भेटायची वेळ संपली होती. मी म्हटलं, उद्या येते, आधी तू सांग, मग मी सांगते. तू मान हलवलीस, पाण्याचा तांब्या जरा अलीकडे सरकवून घेतलास, आणि मी चपला शोधत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे मालक शांतवनभाऊ आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं. सांगायला लाज वाटते, पण रडू यायच्या आधी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हिला सांगायचं होतं तरी काय.

तू असतीस तर हसली असतीस. माझी ही खोड तुला पुरती ठाऊक. बालवाडीतली पोरं मला जेवढं विचारतात त्याच्या दुप्पट मी तुला विचारत आले. "तुला सोर्गात न्हेलं तरी आधी दाराची कडी तपासशील," असं तू एकदा म्हणाली होतीस. गेले दोन आठवडे मी तेच केलं. तू काय सांगणार होतीस याचा माग काढत एकेक वर्ष मागं गेले. मला काय सांगायचं होतं ते मात्र मला नऊ वर्षं पाठ होतं. तुमची सायकल गेली, ती माझ्यामुळं गेली.

चीनशी लढाई चालली होती त्या थंडीत आम्ही पिंपरीत बिऱ्हाड केलं. चाळीतली शेवटची खोली तुमची, तिच्या अलीकडची आमची, मधे अर्ध्या विटेची भिंत. तुमच्याकडं फोडणी पडली की आमच्याकडं शिंका यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी चाळण मागायला आले. तू परातीत पीठ घेतलं होतंस. पाणी घालायच्या आधी त्यातली एक मूठ उचललीस आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकलीस.

मी विचारलं, "हे काय?"

"देवाचं."

"देव भाकरी खातो व्हय?"

"तो न्हाई खात. त्याची लेकरं खात्यात."

"कुठली लेकरं?"

"ते डबा भरल्यावर कळतंय," तू म्हणालीस आणि चाळण माझ्या हातात दिलीस.

चाळण घेऊन मी घरी आले, पण ते उत्तर काही डोक्यातून जाईना. माझं माहेर महाळुंग्याचं. आमच्याकडं माणूस दारात आल्यावर त्याचं तोंड बघून दिलं जाई. कुणासाठी ते ठाऊक नसताना आधी बाजूला काढून ठेवायचं, ही तऱ्हा मी पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी चाळण परत करायच्या निमित्तानं मी पुन्हा आले, ते तू पुन्हा मूठ काढतेस का ते बघायला. तू काढलीस, आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "बघितलंस? आता चहा घे."

मग जवळजवळ वीस वर्षं आपण यावरून भांडलो. धम्मात आल्यापासून आमच्या माणसांनी एक गोष्ट घट्ट धरली होती. हात पसरायचा नाही, मागायचं ते हक्कानं मागायचं. मी तुला म्हणायचे, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे मला पटत नाही. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "मग हात सपाट धरायचा." हात सपाट धरायचा म्हणजे काय ते तू सांगायची नाहीस, आणि मी चिडायचे.

रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तीही पुरायची नाही, त्या दिवसांतसुद्धा तुझी मूठ लहान झाली नाही. मी म्हटलं, "अगं, उरलं तर दे की."

"उरल्यालं दिलं तर आपल्याला कळतच न्हाई दिल्यालं."

"मग काय पोटाला कळायला पाहिजे?"

"थोडं कळावं."

मी आणखी खोदलं. हे सगळं तुझा येशू परत देणार म्हणून का, असं विचारलं. तेव्हा मात्र तुझा हात थांबला. "त्यानं जीव दिलाय गं आधीच. आता मी मुठी मोजत बसू?" तुझा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. माझं समाधान झालं होतं असंही नाही.

तुमचा सुगीचा सण मला फार आवडायचा, कारण तो इथं कुठं बसतच नव्हता. नगरकडं तुम्ही शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणून ठेवायचात. इथं शेत कुठलं? सगळे कंपनीतले. तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास एका रविवारी तुमची मंडळी चाळीच्या अंगणात जमायची. कुणी कोंबडी आणायचं, कुणी परसातला भोपळा, कुणी अंडी. एका फिटरनं एकदा स्वतः घडवलेले चिमटे आणले होते. सगळं अंगणात मांडायचं, भोवती रांगोळीची रेघ ओढायची, आणि मग पाळकसाहेब प्रार्थना करायचे. प्रार्थना झाली की रेघेच्या आतलं सगळं देवाचं. त्यातलं कुणी परत उचलायचं नाही. रेघ ओढायचं काम माझ्याकडं आलं, कारण तुझी रेघ बघून पाळकसाहेबांनीच एकदा विचारलं होतं, की सुवार्ताबाई, ही इंद्रायणी काढलीत का. ख्रिस्ती माणसांचा सण आणि बौद्ध बाईची रांगोळी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एरवी मग लिलाव व्हायचा, घेणारा भोपळा घ्यायचा आणि परत देऊन टाकायचा, एकच भोपळा तीनतीनदा विकला जायचा आणि आम्ही हसून बेजार व्हायचो.

दुष्काळाच्या वर्षी लिलाव नको असं ठरलं. तुझ्या माहेराकडच्या विहिरी आटल्या होत्या. जे जमेल ते ट्रकनं थेट तिकडच्या गावांना पाठवायचं होतं.

आदल्या दिवशीची, शनिवारची, सगळी दुपार माझी रेशनच्या रांगेत गेली. रविवारी सकाळी रांगोळीचा डबा घेऊन अंगणात आले तर वस्तू मांडून झाल्या होत्या. ज्वारीची पोती, लुगडी, धोतरं, पत्र्याचे डबे, दोन घोंगड्या. त्यांना लागूनच, तुमच्या खोलीच्या भिंतीला टेकून, शांतवनभाऊंची सायकल उभी होती. धुतलेली, तेल दिलेली, आणि हँडलला झेंडूची माळ. खंडेनवमीला सगळ्याच कंपन्यांत स्टँडवरच्या सायकलींना माळा घालतात. आमचे हे ती माळ फाटकातच काढून टाकायचे आणि शांतवनभाऊही दरवर्षी तसंच करायचे. या वर्षी चार दिवस झाले तरी माळ तशीच होती आणि सायकल लखलखत होती. म्हणजे ही देवाला द्यायची म्हणून सजवलेली आहे, असं मी धरून चालले. सगळ्याची चौकशी करणारी मी, त्या दिवशी कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. रेघ भिंतीपर्यंत नेली, सायकलीच्या पलीकडून वळवली आणि बंद केली.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, एकेका वस्तूपुढं थांबून देणाऱ्याचं नाव घेऊ लागले, आणि सायकलीपाशी त्यांचा आवाज भरून आला. "शांतवनभाऊंनी आपले पाय दिले," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्याकडं पाहिलं. तू तोंडावर हात धरला होतास. शांतवनभाऊ सायकलीकडं बघत होते, मग रेघेकडं, मग तुझ्याकडं. कौतुक झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

दुपारी सायकल ट्रकवर चढली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तुमचं बोलणं ऐकू आलं. "ती आत कशी गेली?" भाऊंनी विचारलं. "गेली खरी," तू म्हणालीस. तेव्हा मला कळलं, ती द्यायची नव्हतीच.

त्याच वेळी चार पावलं टाकून तुमच्या दारात यायला हवं होतं. ट्रक अजून नाक्यावर डिझेल भरत उभा होता. मी आले नाही. नंतर स्वतःला बरीच कारणं सांगितली. मी दुसऱ्या धर्माची बाई, तुमच्या देवाला दिलेलं परत घ्या असं कशी म्हणू. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांना काय तोंड दाखवू. खरं कारण साधं होतं. मी भ्याले.

भोसरीच्या कंपनीपर्यंत पायी जाणं काय असतं ते त्या दिवसांत मी भिंतीआडून ऐकलं. पहिल्या पाळीला भाऊ अंधारातच निघायचे, आणि त्यांच्या वहाणांचा आवाज आमच्या दारावरून जायचा. मला त्या आवाजानं जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. दोनदा ते उशिरा पोचले, फाटक बंद झालेलं होतं, आल्यापावली परत चालत आले. पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरला तो आजवर सुटलेला नाही. आमचे हे भोसरीतच शेजारच्या कंपनीत होते. पाळी जुळेल त्या आठवड्यात भाऊंना डबलसीट न्यायचं, असं मी त्यांच्या मागं लागले. "एवढा कळवळा कुठनं आला गं?" ह्यांनी विचारलं. "शेजारधर्म," मी म्हणाले. वजन कुणाचं जास्त आणि चढावर पायडल कुणी मारायचं यावरून दोघं भांडत यायचे, आणि पुढं सख्ख्या भावांसारखे झाले. माझ्या चुकीतून निघालेलं हे तेवढं एक बरं.

मग नगरकडच्या एका गावातून तिथल्या मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. तू ते मला वाचायला दिलंस. सायकलीला दोन्ही बाजूंनी डबे बांधून लांबच्या विहिरीवरून पाणी आणतात, ज्या म्हाताऱ्यांच्या घरात आणणारं कुणी नाही त्यांना आधी देतात, असं त्यात लिहिलं होतं. सगळी चाळ गोळा झाली होती. मी मोठ्यानं वाचत होते आणि तू मान खाली घालून पदराच्या काठाशी खेळत होतीस. सगळ्यांना वाटलं, काय ही बाई, एवढं देऊन नम्र किती. मलाही तसंच वाटलं. त्यावर माझी खात्री झाली, की हिला माझी चूक कळलेली आहे आणि मला शरमिंदं व्हावं लागू नये म्हणून ही गप्प आहे. त्या नम्रतेचा मला राग येऊ लागला. तू एकदा मला बोलून टाकलं असतंस तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

आणि त्यात पुन्हा तो संप. ह्यांच्या कंपनीचं फाटक दिवाळीनंतर बंद झालं ते उघडेचना. आमच्या घरातलं पीठ संपलं. मी शेजारणींना हसून सांगत होते, की आज पोट जड आहे, चूल पेटवायचा कंटाळा आला. तू डबा काखेत मारून आत आलीस. मी दारातच आडवी आले.

"ताई, आम्ही दान घेत न्हाई. तुला ठाऊक हाय."

"कोन देतंय? मी जेवाया आलीय," तू म्हणालीस. "पीठ माझं, चूल तुझी. ह्यांनाबी हितंच बोलिवलंय. सरक."

आणि खरंच, तू माझ्या चुलीपुढं बसून भाकरी केल्यास, आणि तुम्ही दोघं आमच्या पंगतीला बसून जेवलात. तेही माझ्या लेकरांपेक्षा कमी. संप मिटेपर्यंत रोज संध्याकाळी हेच. तेव्हा मला कळलं, हात सपाट धरणं म्हणजे काय. माझी लेकरं त्या दिवसांत तुझ्या पिठावर जगली, ताई. हे मी तुला तोंडानं कधी म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर ते दान झालं असतं, आणि तू इतक्या युक्तीनं जे टाळलं होतंस ते मीच बोलून बसले असते. आज म्हणते. तू होतीस म्हणून आम्ही ते दिवस काढले.

त्या पहिल्या संध्याकाळी मला राहवेना. जिच्या घरचे पाय मी काढून घेतले ती माझ्या पोरांना जेवू घालते आहे. मी म्हटलं, "ताई, ती सायकल..." तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "भाकरी करपंल, उलथनं दे," म्हणालीस. मी उलथनं दिलं. नंतरही दोनतीनदा मी विषय काढायला गेले. एकदा तुला एकदम पाणी आल्याची आठवण झाली, एकदा दूध उतू जातंय असं वाटलं. दूध त्या दिवशी घरात नव्हतंच. मला वाटायचं, केवढं मन आहे हिचं, माफी मागायचीसुद्धा वेळ येऊ देत नाही.

सायकलीनंतरच्या दर सुगीला मी रेघ ओढायच्या आधी एकेका वस्तूपुढं उभी राहून विचारायची, हे द्यायचंय ना, नक्की ना, घरी विचारलंय ना. लोक हसायचे. "विमलबाईंच्या तावडीतून देवालाबी सहजी काही मिळत न्हाई," असं पाळकसाहेब म्हणायचे. तू तेवढी हसायची नाहीस. असं का, हेही मी मनात टिपून ठेवलं होतं, पण विचारलं नव्हतं.

काल तुझ्याशिवायची पहिली सुगी झाली. या वर्षी नको, असं मंडळी म्हणत होती. शांतवनभाऊ म्हणाले, व्हायलाच पाहिजे, आणि ह्याच अंगणात. मी रांगोळीचा डबा घेऊन लवकर आले. वस्तू मांडलेल्या होत्या, आणि तुमच्या भिंतीला सायकल टेकलेली होती. ही दुसरी, दुष्काळानंतर दोन वर्षांनी घेतलेली. तू दवाखान्यात होतीस तो महिनाभर हिच्याच हँडलला तुझा जेवणाचा डबा लटकायचा. दवाखान्याच्या रस्त्यावरची धूळ अजून तिच्यावर होती.

"भाऊ, सायकल हलवा. मला रेघ ओढायचीय," मी म्हटलं.

भाऊ पायरीवर बसले होते. किंचित हसले. "आता सांगतीस व्हय? त्या साली न्हाई सांगितलंस ते."

म्हणजे यांनाही ठाऊक होतं. रांगोळीचा डबा खाली ठेवून मी त्यांच्यापुढं बसले आणि तुला सांगायचं ते सगळं त्यांना सांगून टाकलं. माळ बघून माझा कसा समज झाला, मी कुणाला विचारलं नाही, ट्रक नाक्यावर होता तरी मी आले नाही, आणि नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. रडले मी. भाऊ माझ्याकडं असे बघत राहिले, की मला वाटलं यांना ऐकूच गेलं नाही.

"चुकून वडलीस रेघ?" ते म्हणाले. "म्हंजी तू आमचं ऐकलं न्हवतंस?"

"काय ऐकलं न्हवतं?"

"शनवारचं."

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी दुपारी तुझा आणि त्यांचा विचार पक्का झाला होता. तू म्हणालीस, तिकडं पाण्यापायी माणसं मरत्यात आन आपल्या दारात चाकं उभी हायेत. भाऊ हो म्हणाले. तू स्वतः सायकल धुतलीस, तेल दिलंस, आणि फुलं बरी दिसतात म्हणून माळ राहू दिलीस. दिवस कलला तशी तू घाबरलीस. पहाटेचं चालणं, भाऊंची कमजोर छाती, थंडी, सगळं तुझ्या डोळ्यांपुढं आलं. "न्हाई जमायचं मला," असं मोठ्यानं म्हणालीस आणि रडलीस. म्हणालीस, देवाला सांगा, मी एवढी मोठी न्हाई. मग सायकल होती तिथं भिंतीला लावून ठेवली आणि त्याऐवजी ज्वारीचं पोतं बाहेर काढलं.

"तुझ्या घरात रेडिओ चालू हुता," भाऊ म्हणाले. "अर्ध्या इटंची भित. आमाला वाटलं, तू समदं ऐकलंस."

"रेडिओ ह्यांनी लावला होता. मी रेशनच्या रांगेत होते."

भाऊंनी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. "ती म्हनायची, विमल येका येका गोष्टीचं इचारती, आन सायकलीचं तेवढं इचारलं न्हाई. तिनं रेघ वडून मला माझ्या शब्दाला धरलं. लोकं कवतिक करायची तवा तिला तोंड लपवावंसं वाटायचं. खरं काय ते तुला ठावं हाय असं तिला वाटायचं ना. दवाखान्यात म्हनली, विमलला सांगून टाकती, की मी माघारी फिरले हुते, तू न्हेलंस मला."

ताई, मी काही ऐकलं नव्हतं. मी तुला शब्दाला धरलं नव्हतं. तू पोस्टकार्डाच्या वेळी मान खाली घातलीस, भाकरी करपेल म्हणालीस, नसलेलं दूध उतू घालवलंस, ते सगळं मला वाटलेलं तुझं मोठं मन नव्हतंच. तू माझ्यापुढं घाबरून होतीस. आणि मी तुझ्यापुढं. अर्ध्या विटेच्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका नऊ वर्षं एकमेकींची माफी मागायला जीव एकवटत बसल्या होत्या, आणि दोघींनाही दुसरी फार थोर वाटत होती. आयुष्यभर सगळ्यांना सगळं विचारत आले, आणि विचारायचं ते दोनदाच राहिलं. एकदा सायकलीपाशी, आणि एकदा तुझ्या खाटेपाशी, घंटा वाजल्यावर. तिथली आया काही मला हाकलून देत नव्हती. आणखी एक मिनिट थांबता आलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

आता मला नवंच कोडं पडलं आहे. मग ती सायकल दिली कुणी? तू द्यायची ठरवलीस आणि माघार घेतलीस. मी दिली, पण मला ठाऊक नव्हतं, आणि ती माझी नव्हतीच. भाऊंनी पाय झिजवले, पण रेघ ओढताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिकडं म्हाताऱ्यांच्या घरात पाणी तर पोचलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्याला पायजे हुती, त्यानं न्हेली. हे उत्तर मला पटत नाही आणि दुसरं सुचतही नाही. एवढं मात्र सांगते, की तू माघारी फिरली होतीस हे कळल्यापासून तू मला आधीपेक्षा जास्त आवडायला लागली आहेस. मी जिच्याशी वीस वर्षं भांडले तिला देणं सोपं जात असेल, असं मी समजत होते. तुलाही जड जात होतं तर. मग मिलोच्या पिठातली ती रोजची मूठ तू कशी काढलीस, हे मला विचारायचं आहे. आता कुणाला विचारू?

माणसं जमू लागली होती. मी डोळे पुसून उठले आणि पुन्हा म्हटलं, "भाऊ, सायकल."

भाऊ उठले. आतून फडकं आणलं. आधी सीट पुसली, मग चाकं, मग जिथं तुझा डबा लटकायचा ते हँडल, ते जरा जास्त वेळ. मी थांबून राहिले. पुसून झाल्यावर ते माझ्याकडं वळले.

"वड की रेघ. कुठनं वडायची ती तूच ठरीव."

"न्हाई," मी म्हटलं. "एकदा ठरवलं तेवढं बास झालं."

त्यांनी माझ्या हातातला रांगोळीचा डबा घेतला. त्या माणसानं जन्मात रांगोळी धरली नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे वाकले, चिमूट भरली, आणि पोत्यांपासून भिंतीपर्यंत थांबत थांबत रेघ नेली. सायकलीपाशी आल्यावर थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग तिच्या पलीकडून गेले. रेघ तुझ्या रेघेहूनही वाकडी आली, एका जागी तर तुटलीच होती, ती त्यांनी परत येऊन जोडली. मी ती सरळ केली नाही.